आधी विचारू या, ‘कशावरून?’

यंदाच्या विज्ञान दिनाच्या प्रश्नमंजूषेत माझ्या हातून एक चूक झाली. ती एका मुलीला एका गुणाने आणि तिच्या गटाला फिरत्या ढालीने महागात पडली. या शाळेत मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यावरही २८ फेब्रुवारी जवळ आला की शाळेचा निरोप येतो, “बाई, प्रश्न तुम्हीच काढा.” मीही आनंदाने काढते. म्हणून या चुकीचा जमाखर्च आपल्याच पत्रिकेत मांडावा असे वाटले. शिवाय ती चूक एकट्या माझ्या विसरभोळेपणाची नाही. आपण सगळे मुलांना विज्ञान कसे शिकवतो आणि त्यांची परीक्षा कशी घेतो, त्याच्याशी तिचा संबंध आहे.

प्रश्न असा होता : शिवालिक टेकड्यांत ज्याचे अवशेष सापडले, त्या आजवरच्या सर्वांत मोठ्या भूकासवाचे शास्त्रीय नाव काय? माझ्या कागदावर उत्तर होते, ‘कोलोसोकेलिस ॲटलास’. आठवीतल्या एका मुलीने घंटी वाजवून सांगितले, “मेगालोकेलिस ॲटलास.” मी म्हटले, “चूक.” प्रश्न दुसऱ्या गटाकडे गेला. त्यांनाही आला नाही, पण एका गुणाने ढाल मात्र त्यांच्याकडे गेली. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. “बाई, मी वाचलंय त्यात तसंच आहे,” एवढेच म्हणाली. मी तिला, आज लिहिताना लाज वाटते, असे उत्तर दिले, “कागदावर जे आहे तेच धरायचं असतं, बाळ.”

तो कागद कुठून आला? माझ्याच जुन्या वहीतून. ती वही भरली त्याला चाळीस वर्षे होत आली. घरी गेल्यावर चैन पडेना, म्हणून नातवाला बरोबर घेऊन बसले आणि या कासवाची सगळी कुळकथा शोधून काढली. ती वाचल्यावर कळले की मुलीचे उत्तर बरोबर होते. माझे उत्तरही अगदीच निराधार नव्हते, पण मला ते का बरोबर किंवा का जुने, यातले काहीही सांगता आले नसते. ही कुळकथा थोडक्यात सांगते. पालकांनी ती मुलांना वाचून दाखवली तरी चालेल.

गोष्ट सुरू होते १८३० नंतरच्या काही वर्षांत, सहारनपूरला. ह्यू फाल्कनर नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८३२ पासून तिथल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. यमुनेच्या कालव्यावर प्रोबी कॉटली नावाचा इंजिनिअर काम करत होता. पुढे गंगेचा मोठा कालवा बांधला तो यानेच. दोघांनाही शिवालिकच्या दगडांत हाडे शोधण्याचा छंद लागला. चार शिंगांचा जिराफाचा नातलग ‘शिवथेरियम’ त्यांनी १८३६ मध्ये जगापुढे आणला. शिवालिकवरून आणि शिवाच्या नावावरून ते नाव दिलेले आहे. १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने या कामासाठी दोघांना वोलस्टन पदक दिले.

याच थरांत त्यांना कासवाच्या कवचाचे आणि पायांचे प्रचंड तुकडे मिळत गेले. अख्खे कवच मात्र एकही मिळाले नाही. जे मिळाले ते वेगवेगळ्या प्राण्यांचे, वेगवेगळ्या ठिकाणचे. मग हे कासवच आहे, आणि तेही पाण्यातले नव्हे तर जमिनीवरचे, हे कशावरून ओळखले?

आपल्या मराठीत एकच ‘कासव’ शब्द विहिरीतल्याला, समुद्रातल्याला आणि माळावरल्याला चालतो. शरीराची ठेवण मात्र तिघांची निराळी. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे पसरट असतात. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे, खांबासारखे उभे, आणि बोटे आखूड. शिवालिकमध्ये मिळालेली पायांची हाडे खांबाच्या जातीची होती आणि आकाराने मोठ्या गेंड्याच्या तोडीची होती. कासवाचे कवच म्हणजे पाठीवरचा एक भाग आणि पोटाखालचा एक. पोटाखालच्या भागाचे पुढचे टोक मानेखाली येते. या प्राण्यात ते टोक सुमारे साडेसहा इंच जाड होते. त्याच्या अग्राला दोन फाटे होते आणि खालच्या अंगाला पाचरीसारखा उंचवटा होता. फाल्कनर आणि कॉटली यांनी हा उंचवटा या प्राण्याची मुख्य खूण म्हणून नोंदवला. म्हणजे ओळख पटली ती एकूण आकारावरून नव्हे, तर एका हाडाच्या घडणीवरून. एखादा प्राणी मोठा आहे, एवढ्याने तो वेगळा ठरत नाही.

आता नावाकडे येऊ. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर असते ना, तसेच. १८३७ मध्ये दोघांनी छापील लेखात या प्राण्याला ‘मेगालोकेलिस सिवालेन्सिस’ म्हटले. ग्रीक भाषेत मेगास म्हणजे मोठा आणि केलिस म्हणजे कासव. पण त्या वेळी नावाबरोबर नीट वर्णन दिले नव्हते. सात वर्षांनी, १८४४ मध्ये, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी सविस्तर वर्णन मांडले, आणि त्यात नाव बदलून ‘कोलोसोकेलिस ॲटलास’ केले. कोलोसॉस म्हणजे प्रचंड पुतळा. ॲटलास म्हणजे ग्रीक पुराणातला, आकाश खांद्यावर पेलणारा.

एका प्राण्याची दोन नावे झाली तर कोणते धरायचे? प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिचा मुख्य नियम असा की जे नाव आधी छापले गेले त्याचा मान पहिला. पण त्याला एक अटही आहे. नाव नुसते छापून भागत नाही. त्याच्याबरोबर वर्णन, निदान वर्णनाकडे बोट दाखवणारा काही निर्देश हवा. तसे नसेल तर त्या नावाला लॅटिनमध्ये ‘नोमेन न्यूडम’ म्हणतात. म्हणजे उघडे नाव, अंगावर वर्णनाचे वस्त्र नसलेले. १८३७ चे नाव असे उघडे आहे की नाही, यावरच अभ्यासकांत मतभेद झाले. उघडे आहे म्हणणाऱ्यांनी ‘कोलोसोकेलिस’ वापरले. प्रजातीचे नाव तरी वैध आहे म्हणणाऱ्यांनी ‘मेगालोकेलिस’ पुढे चालवले.

मधल्या काळात आणखी तिसरा प्रकार झाला. हे कासव वेगळ्या प्रजातीचे मानायची गरजच काय, असे म्हणून काहींनी ते ‘टेस्टुडो’ या जुन्या, ऐसपैस प्रजातीत घातले, तर विसाव्या शतकात काहींनी ‘जिओकेलोन’मध्ये. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले जे देशी स्टार कासव, ते याच जिओकेलोनमधले. पुढे कवचाच्या आणि हाडांच्या घडणीतले फरक पुरेसे मोठे आहेत असे ठरून शिवालिकचे कासव पुन्हा स्वतःच्या प्रजातीत आले. आज बहुतेक याद्यांत ते ‘मेगालोकेलिस ॲटलास’ या नावाने असते. पहिला शब्द १८३७ चा, दुसरा १८४४ चा. दोन वेगळ्या सालांतून जुळवलेले हे नाव आपल्या आठवीतल्या मुलीला ठाऊक होते. तिच्या बाईंना नव्हते.

नावाप्रमाणे आकाराचीही गोष्ट आहे. हाती आलेले तुकडे आणि आजच्या कासवांची प्रमाणे यांवरून फाल्कनर आणि कॉटली यांनी त्रैराशिक मांडले. त्यातून कवचाची लांबी निघाली सव्वाबारा फूट. माझ्या वहीत हाच आकडा होता आणि मी तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. पुढे जास्त चांगले अवशेष मिळाले. १९२२ मध्ये भारतात आलेल्या बार्नम ब्राउन यांनी शिवालिकमधून न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी या कासवाचे अवशेष नेले. आता कवचाची लांबी दोन मीटरच्या आसपास, म्हणजे साडेसहा-सात फूट, मानली जाते. पूर्वीच्या आकड्याच्या जवळजवळ निम्मी.

निम्मी लांबी म्हणजे निम्मे वजन नव्हे, हे नववीच्या मुलांनी करून पाहावे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही निम्म्या झाल्या तर आकारमान आठवा हिस्सा उरते. या प्राण्याचे वजन चार टन सांगणारेही झाले, पण आज इतर कासवांशी तुलना करून केलेला अंदाज एक ते दोन टनांचा आहे. एवढेही काही कमी नाही. गॅलापागोस बेटांवरचे मोठे नर चारशे किलोंच्या वर जातात, तेव्हा आपण तोंडात बोट घालतो.

गॅलापागोसचे नाव निघाले म्हणून सांगते. आपल्या हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात त्या जातीचे एक जुने कासव होते. १९६३ मध्ये ते बाग-ए-आममधून तिथे नेले होते. आपल्या शाळेच्या कित्येक तुकड्या त्याच्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या असतील. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले, तेव्हा त्याचे वय सुमारे सव्वाशे वर्षे सांगितले गेले. त्याला पाहिलेल्या मुलांना शिवालिकच्या कासवाची कल्पना सहज करता येईल.

आता दुसरी गोष्ट. ती सांगणे थोडे अवघड आहे, कारण ती कौतुकाची होती आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच दिवशीच्या प्रदर्शनात सहावीच्या एका गटाने याच कासवाचा तक्ता लावला होता. चित्र फार सुरेख काढले होते. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘कूर्मावताराचा वैज्ञानिक पुरावा सापडला.’ पाहुण्यांना तो तक्ता फार आवडला आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. मीही परीक्षकांत होते. कोणीही मुलांना विचारले नाही, “बाळांनो, हे कशावरून म्हणता?”

ही कल्पना मुलांच्या डोक्यात उगवलेली नाही. ती फार जुनी आहे. खुद्द फाल्कनरने १८४४ च्या त्या लेखात हा प्रश्न काढला होता. पृथ्वीचा भार वाहणारे कासव, विष्णूचा दुसरा अवतार, हत्ती आणि कासव एकदम उचलून नेणारा गरुड, या साऱ्या कथा त्याला माहीत होत्या. एवढे मोठे कासव माणसाने खरोखर पाहिले असेल का, त्याची आठवण या कथांत उरली असेल का, असे त्याने विचारले. त्या काळी थरांची वये वर्षांत मोजण्याचे साधन नव्हते, त्यामुळे तो प्रश्न विचारणे योग्यच होते.

आज त्या थरांची वये काढता येतात. शिवालिकमधले या कासवाचे अवशेष लाखो वर्षांपूर्वीचे आहेत. याच प्रजातीच्या कासवांचे अवशेष जावा, सुलावेसी, तिमोर अशा बेटांवरही मिळतात. जावामधली कासवे सुमारे बारा लाख वर्षांपूर्वी संपली, आणि तिथे होमो इरेक्टस हा आदिमानव आला तोही साधारण त्याच सुमाराला. म्हणून त्यांच्या नाशात त्याचा हात असावा असे काही संशोधक मानतात. आपण स्वतः ज्या जातीचे आहोत ती होमो सेपियन्स पृथ्वीवर आली तीच मुळी तीन लाख वर्षांच्या आसपास. पुराणे रचणाऱ्यांनी हे कासव पाहिले असण्याची, किंवा कोणी पाहिल्याचे ऐकले असण्याची, शक्यता त्यात बसत नाही.

यात कूर्मावताराचे काही कमी होत नाही. आपल्याकडे देवळात शिरले की गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असते. त्याला हात लावून मगच आपण पुढे जातो. इंद्रिये आवरून मन आत वळवावे, हे त्या कासवाचे सांगणे. गीतेतही अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचा दाखला आहे. त्या कासवाला शिवालिकच्या हाडांचा दाखला लागत नाही. तो जोडायला गेलो तर दोघांवरही अन्याय होतो. श्रद्धेची गोष्ट उगाच प्रयोगशाळेत उभी राहते, आणि हाडांची खरी गोष्ट न ऐकताच आपण टाळ्या वाजवून निघून जातो.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच कासवाबद्दल, आपल्याच सभागृहात दोन उलट्या गोष्टी घडल्या. बरोबर उत्तराला चूक म्हटले, कारण ते कागदावर नव्हते. बिनआधाराच्या विधानाला बक्षीस दिले, कारण ते आपल्याला आवडले. दोन्हीकडे खोट एकच होती : ‘कशावरून?’ हा प्रश्न आपण विचारला नाही. मुलीला विचारला असता तर तिने आपण कुठे वाचले ते सांगितले असते आणि मला विचार करायला सवड मिळाली असती. सहावीच्या मुलांना विचारला असता तर त्यांनी थरांचे वय शोधले असते. कदाचित तक्ता आणखी चांगला झाला असता.

काही पालक म्हणतील, “बाई, शास्त्रज्ञांनाच नाव ठरवता येत नाही, आकडा सव्वाबारावरून साडेसहावर येतो, मग मुलांनी पाठ काय करायचं?” प्रश्न रास्त आहे. शेवटी शालान्त परीक्षेत एकच उत्तर लिहायचे असते, हे मी विसरलेले नाही. जे पुस्तकात आहे ते पाठ करावेच. पण आकडा बदलला तो कोणाच्या लहरीने नाही. आधी तुकडे होते, मग जास्त चांगले अवशेष आले. नाव बदलले तेही मनाला आले म्हणून नाही. नियमाचा अर्थ कसा लावायचा, यावर लेखी वाद झाला. बदलामागचे कारण कळले की मुले गोंधळत नाहीत. “पूर्वी असे होते, आता असे आहे” एवढेच सांगून कारण गाळले, की मात्र ती गोंधळतात. तीस वर्षे मी ते गाळत आले, म्हणून हे अनुभवाने लिहिते.

याचे उदाहरण आपल्या घराजवळही आहे. बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरस या डायनोसॉरचा भला मोठा सांगाडा उभा आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीजवळ त्याची हाडे मिळाली आणि १९८८ मध्ये त्याचे नामकरण झाले. मुले त्याच्याकडे एक प्राणी म्हणून पाहतात. पण तिथे मिळालेली ८४० हाडे किमान बारा प्राण्यांची होती. सहलीत हे एक वाक्य सांगितले तर मुलांना लगेच पुढचा प्रश्न पडेल, की मग कोणाचे हाड कोणाला जोडायचे हे कसे ठरवले? सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले असे मी म्हणेन.

शाळेला माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रश्नमंजूषेच्या उत्तरांच्या कागदावर प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या पुस्तकातून आणि कोणत्या सालच्या आवृत्तीतून घेतले ते लिहावे. दुसरी, कागदाबाहेरचे उत्तर आले तर मुलाला अर्धा मिनिट द्यावे आणि कारण विचारावे. कारण पटले तर गुण द्यावा, शंका राहिली तर प्रश्न बाजूला ठेवावा. तिसरी, प्रदर्शनातल्या प्रत्येक तक्त्यावर खाली एक चौकट सक्तीची करावी : ‘हे आम्हांला कशावरून कळले?’ चौकट रिकामी असेल तर चित्र कितीही सुंदर असो, बक्षीस चित्रकलेचे द्यावे, विज्ञानाचे नको. या तिन्हींना पैसा लागत नाही. परीक्षकांना थोडा कमीपणा घ्यावा लागेल, तो मी आधीच घेतला आहे.

मागच्या आठवड्यात मी आठवीच्या वर्गावर गेले. सगळ्यांसमोर सांगितले की त्या दिवशी बरोबर उत्तर यांच्याच गटाचे होते आणि चूक माझी होती. ढालीवर या वर्षी दोन्ही गटांची नावे कोरावीत, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे. ती मुलगी थोडी लाजली. मग उभी राहून तिने विचारले, “बाई, पुढे हे नावही बदललं तर?”

मी म्हटले, “बदललं तर का बदललं ते शोधून मला येऊन सांग. मी वहीत दुरुस्ती करीन.”

माझ्या सूचना सर्वांना पटतीलच असे नाही. पालक आणि माजी विद्यार्थ्यांनी आपली मते संपादक मंडळाकडे जरूर कळवावीत. मात्र माझे म्हणणे खोडून काढताना कशावरून खोडता, तेही लिहावे.